वहिनींच्या खोलीपर्यंतची ऊब

या, असे जवळ येऊन बसा. पाय दुखत असतील तर खुशाल लांब करा. बुवांच्या तोंडून कधी ऐकलं नसेल असं एक आख्यान आज सांगतो. तुम्ही रिकाम्या मनानं उठणार नाही, एवढा शब्द देतो.

आमच्या केतकीच्या कॉम्प्युटरवरच्या गेममधली अणुभट्टी एका सकाळी स्वयंपाकघरात, फ्रीजच्या जागी येऊन बसली. फ्रीज गॅलरीत गेला होता, पण आतलं दूध शाबूत होतं. त्याच सकाळी इंदूवहिनींची खोली घरापासून लांब जायला लागली.

इंदूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, केतकीची आई. भाऊ गेल्यापासून कऱ्हाडच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच. वहिनींना पावलांपासून गारठा चढत होता. गुडघ्यांपर्यंत त्या पांढऱ्या झाल्या होत्या, आणि जे पांढरं झालं होतं त्यातून हळूहळू आरपार दिसू लागलं होतं. गारठा जसा वर चढे तशी खोली मागे सरके. मधला बोळ वाढत होता. नव्या फरशा आपोआप येत होत्या, आमच्याच नक्षीच्या.

"भाऊजी," वहिनींनी तिकडून हाक मारली, "चहा नका आणू. इथवर पोचेतो त्याचं सरबत होतंय."

केतकी नोकरीवरून आली की तो गेम खेळते. ओसाड ग्रहावर कारखाने उभारायचे आणि त्यांना वीज पुरवायची. भट्टी पाहून ती दचकली नाही.

"माझीच आहे," ती म्हणाली. "काका, नळ्या काढा. भट्टीची उष्णता आईच्या खोलीपर्यंत न्यायची. गेमच्या नियमानं तिथं पाचशे अंश पोचले की पाण्याची वाफ होईल. वाफ झाली की गारठा उतरेल आणि खोली थांबेल."

"आणि नाही पोचले तर?"

"मग आई जाईल. खोलीसकट."

नळ्या माझ्या पलंगाखाली होत्या, तांब्याच्या, हात-हातभर लांब. आम्ही एकीला एक जोडत बोळातून निघालो. भट्टी हजार अंशांवर होती, पण नळी हाताला निरांजनाच्या तबकाएवढीच गरम लागे. प्रत्येक जोडावर एक आकडा तरंगत होता, आणि पुढच्या जोडावर तो थोडा उतरलेला असे.

"उष्णता वाटेत दमतेच," केतकी म्हणाली. "तेवढी सूट धरलीय मी."

बोळ आता एवढा लांब झाला होता की त्यात देवळातली कीर्तनाची मंडळी येऊन बसली, नळीच्या दोन्ही अंगांना. त्यांना कुणी बोलावलं, ते मी विचारलं नाही. कीर्तनाला कुणाला बोलवावं लागत नाही. खांबेटेबुवा चिपळ्या घेऊन मध्ये उभे राहिले आणि निरूपण सुरू झालं. माझा जीव निम्मा तिथंच निवला.

मग मंडळींनी नळीवर तळवे धरले आणि चेहऱ्यावरून फिरवले. आरती घेतात तसे. एकामागून एक, डोळे मिटून, मनापासून. सवयीनं मीही घेतली.

शेवटच्या जोडावरचा आकडा धाडकन खाली आला. वहिनी कमरेपर्यंत पांढऱ्या झाल्या.

"काका, हे लोक सगळी उष्णता वाटेतच काढून घेताहेत. त्यांना म्हणावं, हात लावू नका."

"आरती घेऊ नका, असं कोणत्या तोंडानं सांगू?"

"ही आरती नाहीये. अणुऊर्जा आहे."

"असंल की," शेजारच्या गोदूताई म्हणाल्या. "पण पोरी, समोर आलेलं तबक तसंच पुढं ढकलायचं नसतं. तुला कुणी शिकवलं नाही का? आई तर चांगली आहे तुझी." आणि त्यांनी पुन्हा तळवे धरले.

आई तर चांगली आहे, हे मला सांगायला नको होतं. माझी आई लहानपणीच गेली. वहिनी मला कीर्तनाला नेत. तबक आलं की ज्योतीवर धरलेले तळवे त्या आधी माझ्या तोंडावरून फिरवत, दोन्ही. तोवर तबक पुढे गेलेलं असे. त्यांच्या वाट्याची सगळी ऊब माझ्याच चेहऱ्यावर आहे. पांडुरंगानं मला कितीतरी दिलं, पण त्यातलं बरंचसं वहिनींच्या हातून.

मी उठून बुवांच्या कानात वहिनींचं सगळं सांगितलं. बुवांनी चिपळ्या थांबवल्या.

"मंडळी, ऊब जरूर घ्या," ते म्हणाले. "पण आपल्या तोंडाला लावायची नाही. शेजारच्याच्या लावा."

"आणि शेजारची भांडलेली असली तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर दोन्ही हातांनी लावा."

मंडळी हसली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसली. पहिल्यानं दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून तळवे फिरवले, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. ज्याला लागले तो तांब्याचा झाला, चिंचेनं घासलेल्या घागरीसारखा. आकडा उतरायचा थांबला. मग चढू लागला.

"शेजारी-शेजारी लावलेल्या भट्ट्या अशाच तापतात," केतकी हळूच म्हणाली. मग गोदूताईंच्या आधी बसली आणि आलेली ऊब त्यांच्या चेहऱ्याला लावून तीही तांब्याची झाली.

मी टोकाला होतो, खोलीच्या उंबऱ्यावर. गोदूताईंचे तळवे माझ्या तोंडावरून फिरले. पाचशेच्या वर गेल्याचं मला आतूनच कळलं. मी वहिनींच्या चेहऱ्याकडे दोन्ही हात केले.

त्या हनुवटीपर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. माझे हात कोपरापर्यंत तांब्याचे झाले. तिथून ते वाकेनात. तळव्यांत आणि त्यांच्या गालांत बोटभर अंतर उरलं.

"थोडं पुढं या, वहिनी."

"तुम्ही घेतलीत का, भाऊजी?"

"घेतली."

"बघू."

पुढं येण्याऐवजी त्यांनीही तळवे उचलले आणि लहानपणीसारखे माझ्या चेहऱ्यासमोर धरले. त्यांतून मला पलीकडची खिडकी दिसत होती. आमच्यामध्ये, उंबऱ्यापाशी, एक नवी फरशी यायला लागली होती.

कधी तुमच्यापुढं तबक आलं, तर तळवे चेहऱ्याला लावण्याआधी आमच्या इंदूवहिनींची आठवण करा.