जावईबापूंचे लांबलचक आयडी

मालकांच्या जावयाला ऑफिसात सगळे तोंडावर ‘सर’ आणि पाठीमागे ‘जावईबापू’ म्हणत. कुठल्याशा परिषदेहून ते परतले ते वारा प्यालेल्या वासरासारखेच.

कंपनी जनावरांच्या दवाखान्यांसाठी वेब ॲप बनवत असे. प्रत्येक जनावराच्या वेबपानाच्या पत्त्यात त्याचा साधा नंबर असायचा. एक्केचाळीसच्या जागी बेचाळीस टाइप केलं की शेजाऱ्याची मांजर हजर.

“नंबर बंद! लांबलचक आयडी घालायचे, कुणाच्या बापाला ओळखता येणार नाहीत असे,” जावईबापूंनी फर्मान काढलं.

“चांगलंय,” मिरची म्हणाली. टीममधल्या या जुन्या प्रोग्रामरला हे नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण तिला ते आवडायचं. “पण सर, फॉर्ममधून जे येईल ते आपला सर्व्हर डोळे मिटून रेकॉर्डमध्ये ओततो. आयडीसुद्धा. पत्त्यात एक जनावर, फॉर्ममध्ये दुसरं, तर तो फॉर्मचंच ऐकतो. आधी ते बदलूया.”

“ते मी लिहिलंय,” जावईबापू हसले. “फ्रेमवर्कचा तयार कोड आपोआप सगळं भरतो. तुमच्या पिढीला हातानं करायची सवय!”

पिढी! हा तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. अक्कल वाटत होते तेव्हा हा माणूस लग्नाच्या मांडवात उभा असणार, असं तिच्या मनात आलं. बोलून काही उपयोग नव्हता.

डेमोला मालक बसले होते आणि एका दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरीणबाई आल्या. जावईबापूंनी आधी एका पोपटाचं पान उघडून लांबलचक आयडी कौतुकानं वाचून दाखवला. मग एका कुत्र्याचं पान उघडलं, वजन चौतीस किलो भरलं आणि ‘सेव्ह’ दाबलं. फॉर्मच्या पोटात मात्र अजून पोपटाचाच आयडी दडून बसला होता. पडद्यावर पोपटाचं पान आलं, वजन चौतीस किलो.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा सावरला. “हा चौतीस किलोचा पोपट आहे की बोकड?”

“टायपिंगची चूक,” जावईबापू म्हणाले.

“आणि औषधाचा डोसही त्याच वजनावर काढलाय तुमच्या ॲपनं! पोपट जागच्या जागी मरेल!”

मालकांनी जावयाकडे पाहिलं, जावयानं टीमकडे.

“टीमकडे काय बघता?” मिरची उभी राहिली. “मी सांगितलं होतं, तर माझी पिढी काढलीत.” आणि तिनं सगळ्यांसमोर पोपटाचं वजन बदललं, तेही मांजरीच्या पानावरून. जावईबापूंचा चेहरा पडला. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला?

दुरुस्ती तिनंच केली. आयडी फक्त पत्त्यातूनच घ्यायचा. फॉर्ममधून वजन आणि आजाराची नोंद एवढंच उचलायचं. बाकी काहीही पाठवलं तरी सर्व्हरनं ढुंकूनही पाहायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी मालकांना स्पष्ट बजावलं, की आमच्या कामाला यापुढे हीच बाई हात लावेल.

त्या आठवड्यात मिरचीला थोरल्या बहिणीचा फोन आला.

“काय गं, आवाज का असा?”

“ताई, बढती झाली.”

“अगं बाई! पेढे कुठायत?”

“माझी नाही गं. जावईबापूंची. आता ते सगळ्या कंपनीला सुरक्षिततेवर भाषणं देणारेत.”

पलीकडे ताई खो-खो हसत सुटली. मिरची मात्र नोकरीच्या जाहिराती चाळत होती.