बारा काळे ठिपके

मित्रांनो, इकडे तिकडे बघू नका, बोलतोय तो मीच. लोहाऱ्याच्या तहसील कचेरीसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे, तिथला मी जुना मॉनिटर. माझा डावा कोपरा पिवळट पडलाय आणि चालू होताना मी दोनदा लुकलुकतो. पण अजून कामावर आहे.

दहा वर्षांपूर्वी मी सोलापूरहून खोक्यात बसून इथं आलो. दुकानाचे मालक अनिरुद्ध यांनी मला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं. पुढं पीक विमा, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्त्या, काय काय म्हणून मी दाखवलं नाही! कुणाला पासवर्ड विचारला की तो म्हणे, "त्ये कंप्युटरला म्हाईत हाय." अनिरुद्ध नावावर टिचकी मारत आणि चौकटीत आपोआप बारा काळे ठिपके उमटत. त्यामागची अक्षरं मला कधी दिसली नाहीत. तरी सगळ्या तालुक्याची गुपितं आपल्याकडे आहेत, म्हणून मी भलताच ऐटीत असे.

फॉर्मवर मोबाइल नंबरही अनिरुद्ध स्वतःचाच टाकत. लोक सारखी सिमं बदलतात, मग ओटीपी कुठं शोधायचा, असं त्यांचं म्हणणं. लोकांनाही ते सोयीचं वाटे.

गेल्या महिन्यात मात्र आक्रीत घडलं. संगणक फार हळू चालतो म्हणून आदल्या दिवशी मेकॅनिकनं त्यात साठवलेलं सगळं पुसून तो नव्यासारखा करून दिला होता. अनिरुद्ध साखरपुड्याला परंड्याकडे गेले होते आणि दुकानावर त्यांची बायको देवश्री होती. अडीच वाजता बलभीम नावाचे शेतकरी मुलीला, शिवकन्येला, घेऊन आले. नर्सिंग कॉलेजांचे पसंतीक्रम भरायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती. ती हुकली की वर्ष वाया.

देवश्रीनं नाव टाकलं. चौकट रिकामी. पुन्हा टाकलं. रिकामीच! मी हादरलो.

"अगं, पासवर्ड काय व्हता तुझा?"

"मला काय म्हाईत, वहिनी? दादांनी केलता. कंप्युटरला म्हाईत हाय म्हणले व्हते."

बलभीम माझ्याकडे टक लावून बघत राहिले. "आता ह्यो इसरला व्हय?"

देवश्रीनं 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारली. ओटीपी गेला अनिरुद्धांच्या मोबाइलवर, आणि मोबाइल बंद! तीन वाजले, चार वाजले. दुकानात गर्दी वाढली. शिवकन्या नखं खात बसली होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

साडेचारला एकदाचा फोन लागला. आवाज तुटत होता, म्हणून देवश्रीनं स्पीकर लावला.

"त्यात काय एवढं!" अनिरुद्ध ओरडून म्हणाले. "समद्यांचा एकच पासवर्ड हाय. तुझं नाव. पयलं अक्षर मोठं, मग अॅट, मग एक दोन तीन."

"समद्यांचा?"

"व्हय. चारशे कोण ध्यानात ठिवणार?"

पाचला तेरा मिनिटं कमी असताना शिवकन्येचा फॉर्म गेला. तोच बाकावर बसलेले बंडप्पा शेजारणीकडे बोट करून म्हणाले, "म्हंजी ह्या शांताक्काला माझं खातं उघडतंय?"

"अन् तुमाला माझं!" शांताक्कांनी कपाळावर हात मारला.

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारशे गुपितं म्हणून मी मिरवत होतो, ते एकच होतं, आणि तेही आता भर दुकानात सगळ्यांना कळलं होतं.

तेवढ्यात शिवकन्या म्हणाली, "जरा समदे तिकडं तोंड करा." फोनवरूनच अनिरुद्धांकडून ओटीपी घेऊन तिनं मोबाइल नंबर स्वतःचा टाकला आणि नवा पासवर्ड केला. मी सवयीनं विचारलं, 'पासवर्ड जतन करायचा?' तिनं 'नको' दाबलं.

"मला तरी सांगून ठिव," देवश्री म्हणाली. "इसरलीस तर?"

"इसरले तर ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतोय की, वहिनी."

मित्रांनो, मी जुना झालोय, कधी बंद पडेन सांगता येत नाही. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. आज घरी गेलात की वडिलांना एवढंच विचारा, आपल्या फॉर्मवर मोबाइल नंबर कुणाचा आहे?