पलंगाखालचे ठोकळे

रविवारी सूप पिऊन झाल्यावर रिक्स्तने पिशवीतून एक कागद काढला आणि बापापुढे सरकवला. तिला आठवा महिना लागला होता. टेबलाशी बसायचं तर खुर्ची हातभर मागे घ्यावी लागत होती.

"काय आहे?" विब्रेनने चष्मा न लावताच विचारलं.

"घरात काय काय लागेल त्याची यादी. सुईणीने दिली. बाकी सगळं जमलंय, हाइत. गरम पाण्याच्या दोन पत्र्याच्या बाटल्या योरिसच्या आईने पाठवल्या. बादल्या आणल्या. बाळाचे कपडे दोनदा धुऊन झाले. राहिलेत फक्त ठोकळे."

आमच्या फ्रीसलँडमध्ये बापाला हाइत म्हणतात आणि आईला मेम. या घरातली मेम गेल्या ऑक्टोबरात गेली होती.

विब्रेनने ताटल्या एकावर एक ठेवायला सुरुवात केली.

"तुम्ही केलेले ठोकळे हो. माझ्या वेळचे. शेडमध्येच आहेत ना?"

"असतील."

"असतील म्हणजे?"

"आहेत," विब्रेन म्हणाला.

आमच्याकडे बाळंतपण घरी करायचं तर पलंग जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटर उंच लागतो. सुईण, आणि तिच्यानंतर आठ दिवस बाळ-बाळंतिणीचं बघायला येणारी बाई, या दोघींना वाकून वाकून पाठ मोडून घ्यायची नसते. म्हणून पलंगाच्या चारी पायांखाली ठोकळे देतात. बहुतेक लोक ते दुकानातून तात्पुरते आणतात. विब्रेन सुतार होता. त्याने एकतीस वर्षांपूर्वी स्वतःच केले. कालव्याचा एक जुना दरवाजा मोडीत निघाला होता, त्याच्या ओक लाकडाचे. प्रत्येक ठोकळ्यावर पलंगाचा पाय बसेल एवढी खोबण कोरली होती.

"आमच्या घरी ठोकळे लागलेच नसते," जावई योरिस म्हणाला. तो रॉटरडॅमचा, त्याला गप्प बसवत नसे. "चौथा मजला, लिफ्ट नाही. पलंग आधीच ढगात आहे."

"आणि काही झालं तर मला खिडकीतून खाली सोडणार का, दोरीने?" रिक्स्त म्हणाली. "बाळ इथेच होणार. मी ज्या खोलीत झाले त्याच खोलीत. गुरुवारी कॉरीबाई, ते आठ दिवस येणार आहेत त्या, घर बघायला येतायत, हाइत. त्यांनी बघून सही केली तर इथे, नाहीतर हॉस्पिटल. तेवढा पलंग उंच करून ठेवा."

विब्रेन "हं" म्हणाला आणि ताटल्या उचलून आत गेला. नळ सोडून तो बराच वेळ तिथेच उभा राहिला.

ठोकळे शेडमध्ये नव्हते. एक होता, रंगाच्या डब्यांमागे, पोत्यात गुंडाळलेला. बाकीचे तीन त्याने जाळले होते.

त्याच्या बायकोच्या, आन्च्येच्या, शेवटच्या सात आठवड्यांत ते पुन्हा बाहेर निघाले होते. रोज घरी येणाऱ्या नर्सलाही पलंग उंचच लागतो, बाळंतपण असो की मरणपण. विब्रेनने पलंग उचलून चारी पाय खोबणीत बसवले, तेव्हा आन्च्ये खुर्चीतून बघत होती. "बघ हं, पुन्हा मुलगी व्हायची," ती म्हणाली होती, आणि दोघंही हसली होती.

ती अंगाने लहानखुरी. त्या उंचीवर ती काठाशी बसली की पाय लोंबकळत. आधी ती काही बोलली नाही. मग एके दिवशी म्हणाली, "विब्रेन, पलंग खाली घे ना. जमिनीला पाय लागू देत. असं टांगल्यासारखं वाटतं."

त्याने नर्सला विचारलं. नर्स चांगली होती. ती म्हणाली, "मला वाईट वाटतं, पण पलंग खाली घेतलात तर आम्हाला अंघोळ घालता येणार नाही. नियमच आहे." विब्रेन जन्मभर नियमाने वागलेला माणूस. त्याने आन्च्येला सांगितलं, बघू. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली. तो म्हणाला, उद्या बघू. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली, तशीच, वर.

मातीच्या दिवशी लोक चर्चच्या हॉलमध्ये कॉफी घेत होते, तेव्हा तो चालत घरी आला. कोटही न काढता त्याने पलंग खाली उतरवला आणि ठोकळे एकेक करून शेगडीत घातले. ओक लवकर पेटत नाही. तो शेगडीपुढे बसून राहिला. चौथा ठोकळा उलटा झाला आणि त्याच्या तळाशी पेन्सिलीचं अक्षर दिसलं, तेव्हा त्याने तो बाजूला ठेवला. मग पलंगाच्या खोलीचं दार लावून टाकलं. त्या खोलीत तो पुन्हा झोपला नाही. तेव्हापासून बैठकीतल्या बाकावर पडत होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी रिक्स्तला कळलं की आपल्याला दिवस गेलेत. आन्च्येला हे कळायचं राहून गेलं ते गेलंच.

सोमवारी विब्रेन सायकल काढून दुकानात गेला. आजाऱ्यांच्या खुर्च्या, कुबड्या, कमोड तिथे तात्पुरते मिळतात. लोखंडी ठोकळे दारातच मांडलेले होते. काउंटरमागच्या मुलीने त्याला ओळखलं.

"अरे, तुम्ही! बऱ्याच दिवसांनी. बाईंचं कसं आहे आता?"

विब्रेनने टोपी काढली, पुन्हा घातली.

"बरी आहे," तो म्हणाला.

"चला, छान. काय देऊ?"

"काही नाही. सहज आलो होतो."

घरी येईपर्यंत समोरून वारा होता. सायकल भिंतीला टेकवताना त्याच्या लक्षात आलं, की आता त्या दुकानात पुन्हा जाता यायचं नाही.

मंगळवारी त्याने खोलीचं दार उघडलं, खिडकी उघडली आणि बाहेर आला. बुधवारी गादीवर नवी चादर घातली. पलंग मात्र होता तसाच राहिला. शेडमध्ये लाकूड होतं, करवत होती, हातही अजून चालत होते. तो दोनदा शेडच्या दारापर्यंत गेला आणि दोनदा कोबीला पाणी घालून परत आला.

गुरुवारी दहाला कॉरीबाई आल्या. पन्नाशीच्या, धिप्पाड, आवाज खणखणीत. योरिस कामावर होता, रिक्स्त बसने एकटीच आली होती. कॉरीबाईंनी न्हाणीघर बघितलं, नळाचं पाणी हातावर घेऊन बघितलं, बादल्या बघितल्या. मग खोलीत आल्या आणि खिशातून टेप काढून पलंगाला लावली.

"बावन्न." त्यांनी विब्रेनकडे बघितलं. "माझ्या पाठीने एकवीस वर्षं नोकरी केलीय, विब्रेन. अजून सहा काढायचीत. बावन्नवर ती राजीनामा देईल."

"ठोकळे आहेत," रिक्स्त म्हणाली. "हाइतनी स्वतः केलेत. हाइत, आणा ना. मला वाटलं लावून झाले असतील."

विब्रेन गेला. आला तेव्हा त्याच्या हातात एकच ठोकळा होता.

"बाकीचे तीन?"

"नाहीत."

"नाहीत म्हणजे? कुणाला दिले?"

"जाळले."

रिक्स्तला वाटलं तो थट्टा करतोय. मग तिने त्याचा चेहरा बघितला. "कधी?"

"मेमच्या मातीच्या दिवशी."

"म्हणजे हॉलमधून गायब झालात तेव्हा? चावी विसरली म्हणालात! मी सगळ्यांना तेच सांगत बसले होते. आणि रविवारी? रविवारी म्हणालात शेडमध्ये आहेत. तोंडावर खोटं बोललात, हाइत."

"हो."

"का जाळले?"

त्याने सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतंच, चार वाक्यांत संपलं. ती काय म्हणाली, नर्स काय म्हणाली, आपण काय म्हणालो. सांगताना तो रिक्स्तकडे नाही, ठोकळ्याच्या खोबणीकडे बघत होता.

कॉरीबाईंनी टेपची पट्टी हळूच आत जाऊ दिली.

रिक्स्तने त्याच्या हातातून ठोकळा घेतला, उलटा केला. तळाशी आन्च्येचं अक्षर होतं. *रिक्स्त. मंगळवार, सकाळी सव्वासहा. साडेसहा पौंड. वारा फार.* ठोकळे काढून ठेवताना तिने ते लिहिलं होतं, नवव्या दिवशी.

रिक्स्त पलंगावर बसली. तिचे पाय जमिनीला टेकले होते.

"मलाही म्हणाली होती," ती म्हणाली.

"काय?"

"पलंग खाली घ्यायला सांग म्हणून. जायच्या आधीच्या शुक्रवारी. मी घाईत होते, पावणेपाचची बस होती. मी म्हटलं, हाइतना सांग ना मेम, ते घेतील."

विब्रेनला वाटलं, आता आपण काहीतरी बोलायला हवं, तुझी चूक नाही असं काहीतरी. पण तसं म्हटलं असतं तर सगळी चूक आपलीच उरली असती, आणि त्या क्षणी त्याला ती एकट्याने उचलवेना. तो गप्प राहिला. ते गप्प राहणंही त्याला पुढे लागून राहिलं.

"मला विचारायला बरं वाटत नाही," कॉरीबाई म्हणाल्या, "पण मला आज कागद द्यावा लागतो. काय लिहू? घर की हॉस्पिटल?"

"थांबा." रिक्स्तने बापाकडे मान वर केली. "हाइत, खरं सांगा. मी या पलंगावर, वर, कळा देत पडलेली तुम्हाला बघवेल? नसेल तर आत्ताच सांगा. त्या वेळी मला तुमच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. माझं मला पुरेसं असेल."

"माहीत नाही," विब्रेन म्हणाला.

"हे लिहायला रकाना नाही इथे," कॉरीबाई म्हणाल्या.

रिक्स्तने मांडीवरचा ठोकळा बाजूला ठेवला.

"घर लिहा. आणि हाइत, ऐका. मी खाली घ्या म्हटलं की घ्यायचं. बघू नाही. उद्या नाही."

"आठ दिवस माझे आहेत हं," कॉरीबाई म्हणाल्या.

"तुम्ही घरी गेलात की मग माझे," रिक्स्त म्हणाली.

विब्रेनने मान हलवली. कॉरीबाईंनी कागदावर सही केली आणि सोमवारपर्यंत पलंग ऐंशीवर हवा, असं बजावून गेल्या. जाताना रिक्स्तने नेहमीसारखा गालाला गाल लावला नाही. फाटकापाशी थांबून ती म्हणाली, "तो ठोकळा तसाच ठेवा. रंधा मारू नका त्याला."

शुक्रवारी सकाळी तो शेडमध्ये गेला. ओक नव्हतं, बीच लाकडाची जाड तुळई होती. तिच्यातून त्याने तीन ठोकळे कापले, जुना समोर ठेवून, मापाला माप लावून, अठ्ठावीस सेंटिमीटर. खोबणी छिन्नीने कोरल्या. दुपारी पलंगाचा एकेक पाय खांद्याने उचलून चारही खाली सरकवले. तीन फिके, एक काळपट. टेप लावली. ऐंशी.

मग तो काठावर बसून बघू लागला, डगमगतो का. डगमगत नव्हता. तो उंच माणूस, तरी त्याचेही पाय जमिनीपासून वर राहिले. पायात राखाडी मोजे होते. त्याने पाय थोडे हलवले. खाली काहीच नव्हतं. माणसाला किती मोठं व्हावं लागतं, तेव्हा कुठे पाय लोंबकळायचे थांबतात. आणि आन्च्येला मरताना ते पुन्हा तसे करावे लागले. रिक्स्तही अशीच बसेल, बाळाला पाजायला, आठ दिवस.

तो उतरला आणि शेडमध्ये परत गेला. माळ्यावर त्या खोलीच्या जमिनीच्या उरलेल्या फळ्या होत्या. त्याने आणि आन्च्येने मिळून घातलेल्या जमिनीच्या. त्यातल्या दोन काढल्या. दोन बाजूंना दोन आधार, मध्ये आडवी पट्टी, वर फळ्या. उंची अठ्ठावीस, ठोकळ्यांएवढीच. म्हणजे वर बसलेल्या माणसाला फळी तेवढ्याच अंतरावर लागेल, जेवढी जमीन आधी होती. कडा घासल्या, खिळ्यांची डोकी आत ठोकली, बोट फिरवून कुठे कुसळ आहे का पाहिलं.

ती पायरी त्याने खोलीत नेली, पलंगाच्या कडेला लावली आणि पुन्हा बसला. पाय टेकले. पूर्ण, टाचांसकट. तीच जमीन होती.

पलंग खाली घ्यायला नियमाची आडकाठी होती. जमीन वर आणायला तेव्हाही कुणाची नव्हती.

बैठकीतल्या घड्याळाने चारचे ठोके दिले. शेडमध्ये परत गेला तेव्हा रेडिओवर तीनच्या बातम्या संपत होत्या, हे त्याला आठवलं. म्हणजे पायरीला पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. फळ्या माळ्यावरून काढण्याचा वेळ धरून.

विब्रेन पलंगावरच बसून राहिला, दोन्ही पाय पायरीवर ठेवून.