खिडकी म्हणजे दुवा

योंगिन शहराबाहेरच्या डोंगरातल्या त्या निवासी शिकवणीत खिडक्या वीतभरच उघडायच्या. पुढं लोखंडी पट्टी ठोकलेली. कशाला, ते कुणी सांगत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं.

विद्यापीठाची परीक्षा तिसऱ्यांदा देणाऱ्या येसोलला आईनंच इथं आणून कोंबलं होतं. शनिवारी वडिलांचं पहिलं वर्षश्राद्ध. पण साहित्याच्या चाचणीत वरची श्रेणी असेल तरच फाटकाबाहेर सोडत. नाहीतर आईनं एकटीनंच नैवेद्याची धिरडी तळायची, पाट मांडायचा आणि वडिलांच्या तसबिरीपुढं एकटीनंच वाकायचं.

शंभर वर्षांपूर्वीच्या कुण्या दुःखी जिवानं लिहिलेली कविता साहित्याच्या मो सरांनी फळ्यावर खाटकासारखी सोलून ठेवली होती. अंधार लाल शाईनं: पारतंत्र्य. रानबदकाचं ओरडणं निळ्यानं: कवीनं आपलं रडणं पक्ष्याच्या गळ्यात घातलंय.

"आणि खिडकी?"

"बाहेरच्या जगाशी दुवा," वर्ग एका सुरात म्हणाला.

"सर, कवितेतला माणूस नुसता काचेला कपाळ टेकून बसलाय," येसोल म्हणाली. "बाहेर जाता येत नाही म्हणून तर रडतोय. दुवा कसला, अडसर आहे तो."

"कवीची मेहुणी लागतेस का तू? छापील उत्तरात दुवा आहे. तिथं तुझं रडगाणं कोण तपासणार?"

वर्ग खिदळला. शेजारची ह्येरिम पुटपुटली, "ताई, दुवा आहे तर आपली खिडकी उघडून दाखवा म्हणावं."

चाचणीत नेमका तोच प्रश्न आला. येसोलनं 'अडसर'चा गोल काळा केला. बरं वाटलं तिला, फार दिवसांनी. मग धिरड्यांच्या धुरात एकटी उभी असलेली आई दिसली, आणि तिनं हात वर केला.

मो सरच पहाऱ्यावर होते. त्यांनी खोडायची पांढरी पट्टी आणून दिली. "आली अक्कल," हळूच म्हणाले. तिनं खरं उत्तर झाकलं आणि दुवा काळा केला.

शुक्रवारी भर वर्गात सरांनी तिला सुट्टीची चिठ्ठी दाखवली, पण हातात दिली नाही. "आधी यांना समजाव. दुवा कसा ते."

येसोल उभी राहिली. काचेतून जग आत येतं म्हणाली, माणूस एकटा उरत नाही म्हणाली. आवाज कुठंही अडखळला नाही. सगळ्या मुली खाली माना घालून निळ्या शाईनं उतरवून घेत होत्या. ह्येरिमसुद्धा.