अठ्ठ्याण्णव अंश

प्रयोगशाळेतून पोरांच्या हसण्याचा आवाज आला की सुलेखा मॅडमच्या पोटात दुखायला लागायचं. सात महिने हेच चाललं होतं. जूनमध्ये धम्मपाल सर बजाजनगरच्या त्या शाळेत विज्ञान शिकवायला आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मॅडमकडं प्रयोगशाळेची किल्ली मागितली. सतरा वर्षं ती किल्ली मॅडमच्या पर्समध्ये होती, आणि सतरा वर्षांत प्रयोगशाळेतली एक परीक्षानळी फुटली नव्हती. मॅडम हे अभिमानानं सांगायच्या. कपाटातून बाहेरच न आलेली नळी फुटणार तरी कशी, असं विचारायची कुणाची बिशाद नव्हती.

मॅडमची पद्धत साफ होती. प्रयोग फळ्यावर व्हायचा. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, सगळं खडूनं लिहायचं आणि पोरांनी ते प्रयोगवहीत उतरवून घ्यायचं. निरीक्षणाचे आकडेही मॅडमच द्यायच्या, म्हणजे कुणाचे चुकायला नकोत. दहावी 'अ'चा विज्ञानाचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागायचा. वाळूजच्या कंपन्यांत सुपरवायझर झालेले जुने विद्यार्थी भाजी बाजारात भेटले की पिशव्या खाली ठेवून पाया पडायचे.

आणि हा नवा माणूस पोरांना भंगारवाल्याकडं पाठवून स्प्रिंगा आणि बेअरिंगं गोळा करत होता. त्याच्या नववी 'अ'नं मैदानातल्या कडुलिंबाची उंची सावलीवरून काढली होती, आणि अख्खा तास लिंबाखाली घालवला होता. पोरांनी दोन चंचुपात्रं फोडली तर सर रागावलेही नाहीत. मॅडम मुद्दाम खिडकीवरून सावकाश जायच्या, आत बघायच्या आणि दिवसभर जळायच्या. शिपाईण वच्छलाबाईंजवळ त्यांनी एकदा मन मोकळं केलं की याला शिकवणं म्हणत नाहीत, खेळ म्हणतात. वच्छलाबाई म्हणाल्या, व्हय, खेळच हाये, म्हणून तर माझा नातू आजकाल न रडता शाळेत येतो. त्यानंतर मॅडमनी वच्छलाबाईंशी बोलणं कमी केलं.

सगळ्यात जास्त झोंबली होती दीपमाला. आठवीत ही पोरगी मॅडमच्या मागं मागं असायची. वह्यांचा गठ्ठा स्टाफरूममध्ये तिनंच न्यायचा, फळा तिनंच पुसायचा. नववीला ती धम्मपाल सरांच्या तुकडीत गेली आणि मॅडम जणू शाळा सोडून गेल्यासारखं वागू लागली. नमस्कार करायची, पण धावता धावता, हातात कसली तरी तार नाहीतर डबा घेऊन.

जानेवारीत मुख्याध्यापक राजेंद्र सरांनी बैठकीत सांगून टाकलं की पुढच्या वर्षीची दहावी 'अ' मॅडमकडंच राहील की धम्मपाल सरांकडं जाईल, ते महिनाअखेरीला ठरेल. पालकांच्या चिठ्ठ्या येतायत म्हणे. मॅडमची नोकरी तीन वर्षं उरली होती. दहावी गेली तर ती तीन वर्षं सहावीला वनस्पतीचे भाग शिकवण्यात जाणार होती. घरी जाऊन त्या जेवल्या नाहीत.

त्याच आठवड्यात देव पावला. प्रयोगवह्या एकमेकांनी तपासायच्या, असा मुख्याध्यापकांचा हुकूम निघाला आणि नववी 'अ'चा गठ्ठा मॅडमच्या टेबलावर आला. वरचीच वही दीपमालाची होती. प्रयोग सोपा, पाण्याचा उत्कलनांक काढणे. निरीक्षणात लिहिलं होतं, अठ्ठ्याण्णव अंश.

मॅडमनी चष्मा पुसला. दुसरी वही उघडली, अठ्ठ्याण्णव. तिसरी, साडेसत्त्याण्णव. बेचाळीस वह्यांत शंभर एकीतही नव्हते. पाणी शंभर अंशाला उकळतं हे पाचवीतलं पोरगं सांगेल, आणि हे बेचाळीस जण सही-शिक्क्यासकट चुकले होते. मॅडमना इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. वहीचं पान उलटून बघावं, पोरांनी पुढं काय लिहिलंय ते वाचावं, एवढाही धीर त्यांना निघाला नाही. गठ्ठा उचलून त्या तडक मुख्याध्यापकांकडं गेल्या. हाताळून शिकवण्याचा हा परिणाम, त्यांनी सांगितलं. शनिवारी सगळ्यांसमोर प्रयोग होऊन जाऊ दे, असंही त्याच म्हणाल्या. थर्मामीटर खराब होता ही सबब सरांना मिळू नये म्हणून त्यांनी शुक्रवारी रिक्षा करून औरंगपुरा गाठला आणि स्वतःच्या पैशानं नवाकोरा थर्मामीटर आणला.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेगडीवर चंचुपात्र, स्टँडला मॅडमचा थर्मामीटर, खुर्चीवर राजेंद्र सर. पारा वर सरकू लागला तशी मॅडमच्या मनात उकळी फुटत होती. नव्वद. पंच्याण्णव. पाण्यात मोठाले बुडबुडे उठले. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

पारा तिथं थांबला.

मॅडमनी गॅस वाढवायला सांगितला. पाणी खदखदून काठाबाहेर उडालं, वाफेनं खिडकीची काच धुरकट झाली, पारा हलला नाही. आणि मग मॅडमना त्यांचाच आवाज ऐकू आला. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं; डोंगरावर बटाटे शिजायला वेळ लागतो. दरवर्षी त्या हे शिकवायच्या, परीक्षेत दोन मार्कांना विचारायच्या. डोंगर म्हणजे त्यांच्या डोक्यात हिमालय होता. आपलं शहर समुद्रापासून पावणेसहाशे मीटर वर आहे, आपण जन्मभर उंचावरच चहा उकळतोय, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

धम्मपाल सरांनी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते मुख्याध्यापकांकडं वळून हळूच म्हणाले, "सर, नव्या थर्मामीटरमध्येही खोट असू शकते. आमच्या पोरांनी घाई केली. मॅडमचं बरोबर आहे."

राजेंद्र सर सुटकेनं उठले. त्यांचा विषय हिंदी होता. म्हणजे शंभरच ना, असं म्हणून ते मॅडमकडं बघून हसले, आणि त्या हसण्यात दहावी 'अ' मॅडमना परत मिळाली होती. फक्त गप्प राहायचं होतं.

पोरं सरांकडं बघत राहिली. दीपमालाचा तर चेहराच उतरला. ती पुढं आली, पण सरांकडं नाही, मॅडमकडं. चेष्टा नव्हती तिच्या आवाजात, खरंच विचारत होती.

"मॅडम, तुमी केलं तवा किती आलतं?"

मॅडम त्या वेळी चांगल्या मनानं बोलल्या असं कुणी समजू नये. त्यांना धम्मपाल सरांचा भयंकर संताप आला होता. पोरं याची, प्रयोगशाळा याची, आणि आता आपली अब्रूही यानंच वाचवायची? हा मोठेपणासुद्धा यानंच घ्यायचा? तेवढं तरी त्या त्याला मिळू देणार नव्हत्या.

"मी कधी मोजलंच नाही," त्या म्हणाल्या. "थर्मामीटर चांगला आहे. सर खोटं बोलतायत. पोरांचं बरोबर आहे."

राजेंद्र सर एकदा धम्मपाल सरांकडं, एकदा मॅडमकडं बघून परत खुर्चीत बसले. दहावी गेली हे मॅडमना तिथंच कळलं.

दीपमालाला मात्र त्या दहावीचं काही सोयरसुतक नव्हतं. मॅडमनी कधी मोजलं नाही, एवढंच तिनं ऐकलं होतं आणि तिला ते भारी वाईट वाटलं होतं. तिनं मॅडमचा हात धरून त्यांना टेबलाजवळ ओढलं.

"मग आता बघा की," ती म्हणाली. "असं वरून नाय दिसत. खाली वाका, डोळा पाऱ्याच्या बरोबरीनं आणा."

बेचाळीस पोरांसमोर मॅडम वाकल्या. गुडघे दुखले. वाफ चष्म्यावर आली, तो काढून त्यांनी डोळे बारीक केले. चांदीची बारीक रेघ त्या खदखदणाऱ्या पाण्यातून वर येऊन एका जागी गप्प उभी होती. शेजारी दीपमालाही वाकली होती. तिनं हे चार-पाच वेळा पाहिलेलं होतं, तरी पहिल्यांदाच बघावं तशी ती बघत होती.

मॅडमनी पाऱ्यावरून नजर काढून त्या पोरीकडं पाहिलं. सात महिने धम्मपाल सरांवर जळून जळून त्यांची छाती कोळसा झाली होती, पण या चौदा वर्षांच्या पोरीचा जेवढा हेवा त्यांना त्या क्षणी वाटला, तेवढा आयुष्यात कधी कुणाचा वाटला नव्हता.