कापलेली थप्पड

"खाला, तुम्ही त्या हीरोला खरंच थोबाडीत मारली होती का हो?"

विचारून झालं आणि जिलानने विजयी नजरेनं मैत्रिणींकडे पाहिलं. 'तू नाहीच विचारणार' अशी पैज मिर्नाने लावली होती. सोफ्यावर बिया सोलत बसलेल्या मिर्ना आणि रावया दोघींनी हसू दाबलं. बाकी कुणी हसलं नाही. आईच्या हातातला चहाचा ट्रे हवेतच थांबला.

दौलतखाला, म्हणजे आईची मावशी, खुर्चीत ताठ झाली. तरुणपणी ती पडद्यावर होती, त्या हीरोसोबतच्या एकाच सिनेमापुरती.

"मारली. अशी मारली की कॅमेरावालासुद्धा दचकला."

"झालं सुरू!" बाबा म्हणाले. "खाला, अहो, तो सिनेमा मला तोंडपाठ आहे. तो तुमचे डोळे पुसतो, तुम्ही मान खाली घालता. थप्पड नाहीच त्यात."

"होती. मग तो मोठा नट झाला, आणि मोठ्या नटानं मार खाल्लेला कसा चालेल? त्यानंच कापायला लावली."

"नेटवरही कुठे नाहीये," मिर्ना पुटपुटली.

आईनं जिलानला डोळ्यांनीच स्वयंपाकघरात बोलावलं.

"मजा वाटते तुला? न घडलेलं आठवतं तिला, म्हणून तर डॉक्टरांनी सांगितलं, एकटं ठेवू नका. उद्या हेलवानच्या वृद्धाश्रमाची गाडी येणार आहे. तिला ठाऊक नाही."

"उद्या?"

"हळू बोल!"

जिलान बाहेर आली तेव्हा टीव्हीवर तोच सिनेमा सुरू झाला होता. नवी, रंगवलेली प्रत. हीरोचे गाल पेरूसारखे गुलाबी. बाबा नेहमीसारखे प्रत्येक वाक्य नटांच्या आधी म्हणत होते. रावयानं बियांचं वाडगं पुढे केलं. जिलाननं ते बाजूला सारलं. पैज जिंकल्याचं तिला आता आठवतही नव्हतं.

थप्पडीचा तो नावेतला प्रसंग आला. खालानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आता बघ हं," ती म्हणाली. मग आवाज खाली गेला. "का मीच काहीतरी... इतकी माणसं काय खोटं सांगतील, पोरी?"

 जिलान खालाच्या पायाशी जमिनीवर बसली.

पडद्यावर हीरो पुढे झुकला. "तुझ्यासारख्या बायका रडतात आणि विसरतात," तो म्हणाला, आणि त्याच्यासोबत बाबाही. नायिकेनं, म्हणजे तरुण खालानं, डोळे वर केले. चित्र मध्येच तुटल्यासारखं जरासं हललं, आणि लगेच त्याची बोटं तिच्या ओल्या गालावर होती.

खोलीत खाडकन आवाज झाला.

बाबांचे दोन्ही तळवे एकमेकांवर आपटले होते. एकच टाळी. ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

"हे काय, वगीह?" आईनं विचारलं.

"काही नाही. ते... लहानपणी आमच्या शुब्रा वस्तीत गच्चीवरचं थिएटर होतं ना उन्हाळ्यात, तिथे आम्ही पोरं पुढच्या रांगेत बसायचो. ती हात उचलायची, आणि तो गालावर पडायच्या नेमक्या क्षणी आम्ही सगळे..." ते थांबले. "पण मला तर डोळे पुसलेलेच आठवतात."

मिर्नानं टीव्हीचा आवाज बंद केला.  खुर्चीच्या हातावरची खालाची मूठ सैल झाली.

"तरीसुद्धा," आई चाचरत म्हणाली, "परवा गॅस चालूच राहिला होता. ते तर आपण सगळ्यांनी पाहिलं."

 बाबा अजून तळवे चोळत होते. जिलान उठली. मैत्रिणी बघत होत्या, पण ती त्यांच्यासाठी बोलत नव्हती.

"आई, बाबा, आजपासून मी खालाच्या खोलीत झोपणार. गॅसही मीच बघणार," ती म्हणाली. "आज, आणि उद्यासुद्धा."