अर्धा कोयता

मोहनसिंग गुडघ्यावर हात टेकवून वाकला, टेबलाखाली नजर टाकली आणि कंबर धरत हळूहळू सरळ झाला.

"हा देवानंद काही दिवाळीपर्यंत राहत नाही," तो म्हणाला.

संगीतानं स्क्रीनवरची नजर काढली नाही. "काहून?"

"त्याचा चार्जर कुठी आहे? चंदाचा आहे, किशनचा आहे. याचा रोज बॅगेत जाते. ज्याले राह्यचं असते, तो वायर गुंडाळत बसत नाही."

"बा, तो खोलीवर बी काम करते. त्याच्यासाठी नेते." मग मान वर करून ती म्हणाली, "आनि तुहा चार्जर तरी कुठी असते? डब्याच्या पिशवीतच ना?"

"मी काय इथं कामाले आहे का?" असं म्हणून मोहनसिंग पाण्याच्या कॅनजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

तो कामाला नव्हता हे खरं, पण रोज यायचा हेही खरं. जन्मभर त्यानं उसाच्या टोळीचा मुकादम म्हणून काम केलं होतं. दिवाळी झाली की तांड्यातली माणसं ट्रकमध्ये घालून पार सांगलीकडच्या कारखान्यावर न्यायची आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की पुन्हा घरी आणून सोडायची. आता गुडघे गेले आणि टोळी दुसऱ्याच्या हातात गेली. घरी बसावं तर बायकोची, सोजरबाईची, बोलणी खावी लागत. म्हणून मुलीचा डबा घेऊन तो शेलूबाजारहून जीपनं कारंज्याला यायचा आणि बियाण्याच्या दुकानावरच्या या लांबट खोलीत दिवसभर बसायचा. एकदा बाहेरच्या कुणीतरी विचारलं, हे गृहस्थ कोण? चंदा म्हणाली, "हे आमचे एचआर." सगळे हसले. एचआर म्हणजे काय ते मोहनसिंगनं नीट समजावून घेतलं आणि मग हरकत नाही म्हणाला.

संगीताची कंपनी म्हणजे ही एवढीच माणसं आणि एक ॲप. सोयाबीन निघालं की प्रत्येकाला एकाच वेळी हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, पाहिजे असतो. मळणीच्या त्या दिवसांत हडंबेवाला गावचा राजा होऊन बसतो, आणि शेतकरी त्याच्या मागं फोन लावून लावून रडकुंडीला येतो. ॲपवर गाव आणि एकर टाकले की जवळचा हडंबा आणि आपली पाळी कळायची. चंदा फोन सांभाळायची, तिचा नवरा किशन मोटारसायकलवर गावोगाव फिरून हडंबेवाले जोडायचा. घोडं अडायचं ते पावसात. एक दिवस पाऊस आला की सगळ्या पाळ्या पुढं सरकतात, आणि तिथंच मागच्या वर्षी ॲपनं राम म्हटला होता. ते काम अर्धं करून एक पोरगा पुण्याला निघून गेला होता, आणि त्याच्या जागी देवानंद आला होता. हडंबेवाल्यांनी यंदा स्पष्ट सांगितलं होतं की या हंगामात पुन्हा बंद पडलं तर आम्ही आपले फोनवरच बरे. तसं झालं तर कंपनीला कुलूप. आणि कुलूप लागलं की पोरगी पुण्याला जाणार. हे दुसरं मोहनसिंगनं कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण त्याला झोपेत बोचायचं ते तेच.

पोळ्याची कर झाली आणि देवानंदनं राजीनामा दिला. चांगला पोरगा होता, निघताना मोहनसिंगच्या पाया पडला. त्याला पुण्यात मोठी कंपनी मिळाली होती, त्याचाही काय दोष.

त्या दिवशी जेवताना संगीतानं घास हातातच ठेवला.

"बा, तुले कसं समजलं?"

मोहनसिंगला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. तो सावरून बसला.

"कारखान्यावर आपन कोप्या टाकतो, पाचटाच्या झोपड्या. गेल्या गेल्या बाया चूल लिंपते. ज्याची चूल लिंपली, तो राह्यला समज. जो गाठोडं न सोडता उशाले घेऊन झोपते, तो पळते. आनि बहुतेक पळते तो अर्धा कोयता."

"म्हंजे एकटा?"

"हो. जोडी म्हंजे पुरा कोयता. एक तोडते, एक मोळी बांधते. नवरा-बायको असो, भाऊ-बहीन असो, दोन मैतर असो, चालते. एकटा नको. दिवसभर तोबी तोडते बापा, पन रातच्याले एकट्याले घर दिसते. चंदा-किशन सोडले तर तुमी सगळी एकटी मानसं गोळा करता आनि मंग म्हनता, टिकत नाही."

संगीता ऐकत होती. मग म्हणाली, "आनि मुकादमाची जोडी कोन?"

मोहनसिंग मोठ्यानं हसला. "तुही माय. रोज कोपीत आली की मी तिले इचारू, आज मायं काय चुकलं? ती सांगायची बी. ती नसती तर पयला मीच पळालो असतो."

संगीता हसली नाही. तिनं डब्यातली भाजी त्याच्याकडं सरकवली.

पुढच्या आठवड्यात रिसोडच्या एका पोराची मुलाखत झाली, स्क्रीनवरच. प्रसेनजित नाव. पोरगा हुशार होता, उत्तरं तोलून मापून देत होता. संगीता त्याला पाळ्यांचं गणित विचारत असताना मोहनसिंगनं मध्येच कॅमेऱ्यापुढं तोंड घातलं.

"घरी अजून कोन शिकलं?"

पोरगा गडबडला. "बहीन आहे, काका. स्नेहा. तीबी कॉम्प्युटरचंच शिकली, पन सध्या झेरॉक्सच्या दुकानात बसते."

"तिले बी आन. तुले एकट्याले आमी घेत नाही."

झालं. मुलाखत कशीबशी गुंडाळून संगीतानं लॅपटॉप मिटला.

"बा, हा उसाचा फड नाही. जागा एक आहे, आनि तू त्याले शब्द देऊन बसला."

"शब्द गेला आता," मोहनसिंग म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, पण शब्द मागं घेणं त्याला येतच नव्हतं.

दोन दिवस ती बापाशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी तिनं दोघांनाही बोलावून घेतलं. बहीण-भावानं कारंज्यातच खोली केली. स्नेहाला काम काय, तर भाऊ जे बांधेल ते मोडून पाहायचं. पोरीनं ते मनावर घेतलं. चिडलेला शेतकरी फोनवर जशी बोटं आपटतो तशी ती आपटायची, एकच शेत दोन गावांत टाकायची, पाळी लावून लगेच रद्द करायची. मग भाऊ-बहीण अशी भांडायची की खालचा बियाणेवाला जिन्यात येऊन उभा राहायचा. "तू मुद्दाम करून राह्यली," प्रसेनजित म्हणायचा. "शेतकरी काय तुले इचारून बटन दाबनार आहे का?" स्नेहा म्हणायची. संध्याकाळपर्यंत ते दुरुस्त झालेलं असायचं.

मोहनसिंगनं चार-आठ दिवसांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. भावानं उचलू नये म्हणून स्नेहानं आपल्या चार्जरची वायर टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधून टाकली होती. त्याला फार बरं वाटलं. घरी जाऊन त्यानं सोजरबाईला ते दोनदा सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

संगीताही आता शहाणी झाली असं त्याला वाटू लागलं. पूर्वी सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायची. आता सकाळची बैठक चंदाला घ्यायला लावी आणि आपण मागं बसे. हडंबेवाल्यांचा फोन आला की किशनकडं देई. प्रसेनजित-स्नेहाला शेजारी बसवून ॲपचा कानाकोपरा दाखवी, आणि काही अडलं तर लगेच सांगत नसे, "तुमी दोघं पाहा आधी," म्हणे. मुकादमानं असंच करावं, मोहनसिंग मनात म्हणाला. पोरगी आपल्या वळणावर गेली याचा त्याला अभिमान वाटला.

सोयाबीन पिवळं पडलं, कापणीला लागलं. हडंब्यांच्या पाळ्या भरल्या. आणि ऐन मळणीत एका दुपारी आभाळ आलं आणि मंगरुळपीरकडं धो धो पाऊस पडला. खोलीत सगळे स्क्रीनला डोळे लावून बसले. पाळ्या सरकू लागल्या, गावामागून गाव. ज्यांचं सोयाबीन झाकलेलं होतं ते मागं गेले, ज्यांचं उघड्यावर होतं ते पुढं आले, प्रत्येकाच्या फोनवर नवी वेळ पोचली. संध्याकाळपर्यंत चंदा कान फोनला लावून होती. शेवटी तिनं फोन खाली ठेवला.

"आज एकबी शिवी नाही आली, ताई," ती म्हणाली.

हडंबेवाल्यांच्या म्होरक्यानं किशनला फोन करून पुढच्या वर्षाचंही पक्कं सांगितलं. मग सगळे खाली चहाला गेले. चंदा आणि किशन पुढं, स्नेहा आणि प्रसेनजित मागं, भांडत. संगीता म्हणाली, मी नाही येत, तुम्ही जा.

मोहनसिंग डबा आवरत होता. झाकण हातातून सुटलं आणि घरंगळत थेट संगीताच्या टेबलाखाली गेलं. तो वाकला.

तिथं प्लगची जागा रिकामी होती. वायर नव्हती. तिची जुनी चप्पल असायची, तीही नव्हती. तिची बॅग टेबलाच्या पायाला टेकून होती, फुगलेली, चेन अर्धवट ओढलेली.

साऱ्या खोलीतल्या टेबलांखाली वाकून पाहिलं, आणि हे एक राहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मोहनसिंग तसाच वाकून राहिला.

"बा, गुडघा धरला का?"

"नाही. झाकन सापडून नाही राह्यलं," तो म्हणाला. झाकण त्याच्या हातात होतं.

मग तो उठला आणि चंदाच्या खुर्चीत बसला.

"कवा?"

काय कवा, असं तिनं विचारलं नाही. "सोयाबीन संपली की. पुन्याले."

"आनि हे?"

"हे चौघं चालवतीन. मी फोनवर हावोच. म्हनून तर तुले इचारलं होतं, कोन टिकते ते." ती हातातला पेन उघडझाप करत होती. "तिथं एक बाई आहे, बा. या कामात लय जुनी. तिच्या हाताखाली घेतलं मले. इतकी वर्षं झाली, इथं सगळे मलेच इचारते. मी चुकली तर सांगनारं कोनी नाही. मी कोनाले इचारू?"

मी आहे ना, हे शब्द मोहनसिंगच्या ओठांवर आले होते. पण आज माझं काय चुकलं, असं तिनं विचारलं असतं तर तो काय सांगणार होता? त्याला रडू आल्यासारखं झालं आणि त्यानं खिडकीकडं पाहिलं.

मुकादम असताना बांधलेलं गाठोडं दिसलं की तो रस्त्यावर जाऊन बसायचा आणि निघालेल्याचा हात धरून त्याला कोपीवर परत आणायचा. आताही त्याचा हात बॅगेकडं गेला. संगीता बघत राहिली. त्यानं चेन उघडली, आत कोंबलेली वायर बाहेर काढली, तिच्या गाठी सोडवल्या, मोळीचा दोर गुंडाळावा तशी पंजा आणि कोपरावर ती गुंडाळली, टोक खोचलं आणि परत आत ठेवून दिली.

"अशी कोंबली तर तुटते," तो म्हणाला. "तुह्या मायले मी सांगतो."

"मायले ठाऊक आहे." संगीताचा आवाज बारीक झाला. "ती म्हने, त्याले सांगू नको. सगळ्याच्या टेबलाखाली पाहते तर त्याले दिसनच."

जिन्यात पावलं वाजली. स्नेहा आणि प्रसेनजित भांडत वर येत होती, वरच्यांसाठी चहा घेऊन. मळणी अजून अर्धीच झाली होती.

त्यानं डब्याच्या पिशवीतून आपल्या फोनचा चार्जर काढला, पुन्हा एकदा गुडघ्यावर हात टेकवून वाकला, आणि संगीताच्या टेबलाखालच्या रिकाम्या जागेत तो नीट, आतपर्यंत बसवला.